सहलीची शिदोरी: साठ पोरं, सकाळी सहाची गाडी

सहलीचा डबा बनतो आदल्या संध्याकाळी पाचला आणि उघडतो दुसऱ्या दिवशी दुपारी एकला. मधले वीस तास त्याला ना फ्रिज, ना पंखा, ना कोणाचं लक्ष. त्यामुळे शिदोरीचा पदार्थ कढईतून उतरताना कसा लागतो याला फारसं महत्त्व नाही. वीस तासांनी, एस.टी.च्या धक्क्यांनंतर, धुळीच्या हातांनी खाताना तो कसा असेल, ते बघून ठरवायचं. गावातल्या महिला, पालक किंवा बचत गट शाळेच्या सहलीसाठी स्वयंपाक अंगावर घेतात तेव्हा बहुतेक चुका इथेच होतात. घरी पाहुण्यांना जे वाढतो तेच डब्यात भरलं जातं.

खालचा सगळा हिशोब डिसेंबर-जानेवारीतल्या एका दिवसाच्या सहलीचा आहे. तिसरी ते सातवीची ६० पोरं, गुरुजी-मॅडम, सोबतचे पालक, ड्रायव्हर-कंडक्टर धरून मोठी माणसं १०, आणि वरचे ५ पुडे. म्हणजे ७५ पुडे. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये सहल असेल तर हाच बेत पहाटे तीनला उठून करायचा, आदल्या दिवशी नाही. आपल्याकडे विदर्भात तोवर दुपार तापायला लागलेली असते.

काय नको, ते आधी

आलूची भाजी नको. पहिला वाद यावरूनच होतो, कारण पुरी म्हटली की आलूची भाजी डोळ्यापुढे येते. पण शिजवलेला, ओलसर पदार्थ उतरवल्यापासून चार तासांच्या आत पोटात गेला पाहिजे, आणि ऊन असेल तर त्याहून लवकर. पहाटे साडेपाचला उतरवलेल्या भाजीची मुदत साडेनऊला संपते, त्या वेळी गाडी अजून रस्त्यातच असते. भाजीला वास आला नाही म्हणजे ती चांगली, असंही नाही. पोट बिघडवणारे जंतू वास सोडतीलच असं नसतं. अर्ध्या दिवसाची सहल असेल, साडेनऊच्या आत खाऊन होणार असेल, तर कोरडी भाजी चालेल. एरवी हट्ट सोडा.

फोडणीचा भात आणि खिचडी तर अजिबात नको. भातातल्या काही जंतूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती वाढतात आणि असं विष सोडतात जे पुन्हा गरम करूनही जात नाही. ओलं खोबरं, दही, पनीर, चिरलेला कांदा, काकडी, टमाटर, वरून भुरभुरलेला सांबार (कोथिंबीर) हे सगळं पाणी सोडतं. पोळी घरी उत्तम, पण सहलीत दुपारपर्यंत चामड्यासारखी होते, आणि गरम भरली तर घामेजून चिकटते. दुधात भिजवलेल्या दशम्या छान लागतात, पण त्या त्याच सकाळच्या हव्यात. मेथीच्या आणि पालकाच्या पुऱ्यांनाही हाच नियम, पानांतलं पाणी त्यांना टिकू देत नाही.

उरतो तो जुना बेत: तिखट-मिठाच्या पुऱ्या, फल्लीदाण्याची (शेंगदाण्याची) कोरडी चटणी, कैरीच्या लोणच्याची एक फोड, फल्ली-गुळाचे दोन लाडू आणि एक संत्रं. पाण्याचा अंश कमी, तेल-मीठ-गूळ पुरेसं, आणि खायला ताट लागत नाही. परतीच्या वाटेला मुरमुऱ्याचा चिवडा.

सामान

पुरीचा हिशोब तोंडांवर नाही, वयावर करा. तिसरी-चौथीच्या पोराला ५, पाचवी ते सातवीला ७, मोठ्या माणसाला ८. लहान २५ आणि मोठी ३५ पोरं धरली तर १२५ अधिक २४५, मोठ्यांच्या ८०, वरच्या पाच पुड्यांच्या ३०. एकूण ४८०. एक किलो कणकेत शंभर ग्रॅम बेसन घातलं की मध्यम ६५ पुऱ्या होतात, म्हणून कणीक साडेसात किलो.

पुरीसाठी: कणीक साडेसात किलो, बेसन पाऊण किलो, तीळ २०० ग्रॅम, ओवा ४० ग्रॅम, हळद ३० ग्रॅम, तिखट ६० ग्रॅम, मीठ ११० ग्रॅम, मोहनाला अर्धा लिटर तेल आणि तळायला पाच लिटर. तिखट कमी वाटेल, ते मुद्दाम कमी ठेवलंय. मोठ्यांच्या जिभेने बनवलेला डबा लहान पोरं अर्धा टाकून देतात आणि वरून पाणी संपवतात.

चटणी आणि लाडू मिळून फल्लीदाणे ४ किलो, गूळ सव्वा किलो, तूप १०० ग्रॅम, चटणीसाठी तिखट ४० ग्रॅम, जिरं २० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. लोणचं किलोभर. संत्री ८५ घ्या, दहा तरी दबलेली निघतातच. आंबिया बहाराची संत्री डिसेंबरात भरपूर असतात. ढिल्या सालीचं फळ बघून घ्या, लहान बोटांना सोलता आलं पाहिजे. केळी स्वस्त पडतात, पण दप्तरात त्यांचा चिखल होतो.

तेल सीलबंदच घ्या. कणीक चक्कीवरून आणणार असाल तर पोतं कुठं ठेवलं होतं ते विचारा. इथं जरा थांबून सांगायला हवं. आपल्या कापूस-सोयाबीनच्या गावांत घरोघरी फवारणीची औषधं असतात आणि रिकामे डबे, कॅना फेकून द्यायला जीव होत नाही. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या दुपारच्या जेवणाने २३ पोरं दगावली. तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं, त्या काळी कपाशीवर नेहमी फवारलं जाणारं कीटकनाशक. तेव्हा कोणी कितीही सांगो, की कॅन तीनदा धुतली, राखेने घासली, वर्षभर पाणीच भरतोय, औषधाची कॅन स्वयंपाकाच्या जागेत येता कामा नये. पाण्यालाही नाही, हात धुवायलाही नाही. ज्या खोलीत औषध, खत किंवा फवारणीचा पंप ठेवलाय, तिथं पीठही ठेवू नका.

विचारायच्या चार गोष्टी

सहलीच्या आठवडाभर आधी वर्गशिक्षकांकडून यादी घ्या: कोणाला फल्लीदाणे किंवा तीळ सोसत नाहीत, कोणाचा त्या दिवशी उपवास आहे, कोणाच्या गोळ्या सुरू आहेत, आणि कोणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. विदर्भात, त्यातही गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडे, शेवटचा प्रश्न विचारायलाच हवा. सिकलसेलच्या पोराला पाणी कमी पडलं, दमणूक झाली किंवा थंडी बाजली की अंग-हाडं दुखण्याचा झटका येऊ शकतो. त्याच्या पुड्यावर काही वेगळं लिहू नका, पोरं चिडवतात. फक्त सोबतच्या मॅडमना नाव माहीत हवं आणि त्याला तासा-दीड तासाला पाणी प्यायला लावायचं.

दाणे न चालणारं पोर निघालं तर त्याचा पुडा सगळ्यांत आधी, दाण्याला हात लागायच्या आत बांधा. त्यात चटणीऐवजी फुटाण्याची डाळ कुटून केलेली चटणी, लाडवाऐवजी गुळाचा खडा. अंगणवाडीची पाच वर्षांखालची पोरं सोबत असतील तर त्यांना अख्खे दाणे आणि फुटाणे नकोतच, गाडीच्या धक्क्यात घशात अडकतात.

आणि स्वयंपाकाला कोण बसणार? जुलाब, उलटी, ताप झालेली व्यक्ती दोन दिवस तरी लांब. बोटाला चिरलं असेल, पू असेल, तरीही. अशांना मोजणीचं, यादीचं काम द्या, नाराजी होत नाही. बाकी कोण लाटेल नि कोण तळेल यात घराणं-वाडा आणू नका. पुडा सगळ्यांचा सारखाच असतो, बनवणारे हातही सगळे चालतात.

आदली दुपार: दाणे, चटणी, लाडू

दाणे आधी सुपात पाखडून निवडा. सुरकुतलेला, काळपट, हिरवट बुरशीचा दाणा दिसला की बाहेर. एक खवट दाणा मूठभर चटणी कडू करतो ते वेगळंच, बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही. मंद आचेवर, जाड कढईत, दीड-दोन किलोच्या दोन-तीन खेपांत भाजा. मोठी आच लावली तर साल करपते आणि आत कच्चा राहतो. फोडून पाहा: आतला रंग फिकट बदामी हवा. पूर्ण गार झाल्यावरच चोळून सालं उडवा.

चटणीला दीड किलो दाणे. जिरं भाजून घ्या, मीठ-तिखट घालून उखळात कुटा. मिक्सर वापरणार असाल तर एकावेळी पाव किलो, आणि दोन-तीन झटके देऊन थांबा. सलग फिरवला की भांडं तापतं, दाणा तेल सोडतो आणि चटणीचा गोळा होतो. ती कागदाला चिकटते आणि पोरांच्या हाती निम्मीच येते. लसूण घरच्या चटणीत हवाच, इथं मात्र ओला लसूण नको.

लाडवाला दोन किलो दाणे जाडसर कुटा, किसलेला गूळ त्यातच घालून पुन्हा कुटा, म्हणजे दाण्याचं तेल गुळाला धरतं. पाक करायचा नाही. पाकाचा अंदाज चुकला की लाडू दगड होतो किंवा सुटतो, आणि ऐन संध्याकाळी दुरुस्त करायला वेळ नसतो. मिश्रण कोरडं वाटलं तर पातळ केलेलं तूप चमच्याचमच्याने घाला, पाणी एक थेंबही नाही. लिंबापेक्षा लहान, २२ ग्रॅमच्या आसपास वळले की दीडशे होतात. पहिला लाडू काट्यावर तोलून घ्या, तो नमुना समोर ठेवा, बाकीचे नजरेने होतात.

पुऱ्या

साडेसात किलो कणीक एकदम भिजवायची नाही. अडीच-अडीच किलोचे तीन उंडे करा, एक तळणीला लागला की दुसरा भिजवायला घ्यायचा. सगळी एकदम भिजवली तर शेवटचा उंडा दोन तास पडून सैल होतो, काळा पडतो, आणि सैल पीठ तेल पितं. पुरी तेलकट झाली की तळणारीला बोल बसतो, दोष बहुतेक वेळा भिजवणारीचा असतो.

अडीच किलो कणकेला पाव किलो बेसन, तीळ, ओवा, हळद, तिखट, मीठ यांचा तिसरा हिस्सा. त्यात दीडशे मिली तेल चांगलं कडकडीत करून घाला, आधी सराट्याने (उलथन्याने), मग हाताने पिठाला चोळा. मूठ वळून पाहा: मूठ वळली आणि बोट लावताच फुटली तर मोहन बरोबर. जास्त झालं तर पुरी पुड्यात चुरा होते. पाणी सव्वा लिटरच्या आत-बाहेर, थोडं थोडं. पीठ पोळीच्या पिठाहून घट्ट, परातीत दाबलं तर बोटाचा खळगा तसाच राहील इतकं. वीस मिनिटं ओल्या फडक्याखाली.

काचेच्या बांगड्या हे एक मोठं भय आहे. घट्ट पीठ मळताना हिरवी बांगडी पिचते आणि तुकडा पिठात जातो, तो दिसत नाही. मळणाऱ्या बाईने बांगड्या कोपरापर्यंत चढवून वर स्वच्छ फडकं घट्ट बांधावं. बांगडी फुटलीच तर तुकडे शोधत बसू नका, तो उंडा टाका. अडीच किलो पिठाची किंमत ती काय.

आता लाटणं. दहा जणींच्या दहा हातांनी दहा आकार होतात. एकीची पुरी पापडाएवढी, दुसरीची बिस्किटाएवढी, मग पुडे भरताना मोजणी कोसळते. त्यावर उपाय असा की मोठी पोळी लाटायची आणि साधारण साडेतीन इंची वाटीने पाडायची. जाडी दोन ते अडीच मिलीमीटर. फार पातळ लाटली तर गार झाल्यावर तडकते. उरलेल्या कडा परत मळू नका, त्या पीठ लागून कोरड्या होतात. तशाच तळा, लाटणाऱ्यांच्या चहासोबत संपतात.

एका कढईला लाटणारे दोघे आणि तळणारी एक हवी. अडीच लिटर तेलाच्या कढईत एका घाण्यात चार-पाच पुऱ्या, मिनिट-सव्वा मिनिट, असं तासाला दोनशे निघतात. दोन कढया लावल्या तर ४८० पुऱ्यांना सव्वा तास. लाटून ठेवलेल्या पुऱ्या वीसच्या वर साठू देऊ नका, वरून सुकतात, मग फुगत नाहीत आणि कडक होतात.

तेलात पिठाचा मणी टाकून पाहा. तळाला जाऊन हळूहळू वर आला तर बरोबर. तळाशीच बसला तर तेल थंड, आणि पडताच वर येऊन काळवंडला तर आच कमी करा. जेवणाच्या पंगतीतली पुरी फुगलेली, मऊ हवी असते. शिदोरीची जरा उलटी: झाऱ्याने दाबून, दोन्ही बाजूंनी बदामी, मऊपणा जाईतो तळायची. पांढरट काढलेली पुरी रात्रीतून ओलसर होते आणि तीच आधी बुरशी धरते.

निथळलेली पुरी लगेच डब्यात टाकली की सगळी मेहनत पाण्यात, अगदी शब्दशः. वाफ झाकणाला लागते, थेंब होऊन खाली पडते. स्वच्छ धुतलेल्या सुती धोतरावर किंवा चादरीवर एकेरी पसरा, वरून पातळ फडकं, आणि तास-सव्वा तास हात लावू नका. अंगणात नको, थंडीत दंव पडतं. शाळेच्या वर्गात, चार बाकं जोडून, त्यावर. मधली पुरी तोडून गालाला लावा, अजून कोमट लागली तर थांबा. मग कोरड्या पत्र्याच्या डब्यात किंवा मोठ्या गंजात (पातेल्यात), तळाला आणि वर कागद-फडकं घालून झाकण. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या परातीत विटांवर ठेवा. रात्रीतून उंदीर-मांजर येतील म्हणून झाकणावर वजन.

पुडे

छापील कागद नको. शाईत शिसं आणि रंग असतात, आणि तेलकट पुरी ते ओढून घेते. खाद्यपदार्थासाठी वर्तमानपत्र वापरायला कायद्यानेही बंदी आहे. पातळ कॅरीबॅगवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, ती आणूच नका. कोरा तपकिरी कागद आणि आत बटर पेपर, किंवा शिवलेली पळसाची पत्रावळ. पळसाची पानं जानेवारीपर्यंत मिळतात, नंतर झाड झडायला लागतं. पान धुवून, पुसून, तासभर वाळवा. ओलं पान म्हणजे पुन्हा तोच पाण्याचा घोळ.

पहाटे साडेचारला बसायचं, साबणाने हात धुवून, डोक्याला फडकं बांधून. रांगेत काम करा: पहिली पुऱ्या मोजून ठेवते, दुसरी चटणीची पुडी आणि लाडू, तिसरी लोणचं, चौथी बांधते आणि मोजते. चटणीला एक मोठा चमचा ठरवा, शीग भरून साधारण वीस ग्रॅम. लोणच्याची फोड तेल निथळून, वेगळ्या बटर पेपरच्या पुडीत. अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये नको, आंबट-खारट लोणचं फॉइल खातं आणि भोकं पाडतं. संत्रं पुड्यात घालू नका, पुऱ्या चेपतात. ते वेगळ्या पिशवीतून वाटा.

पाचच्या, सातच्या आणि आठच्या पुड्यांना वेगवेगळ्या रंगाचा दोरा. दहा-दहाचे गठ्ठे करून कापडी पिशवीत भरा, पिशवीवर इयत्ता. सकाळी सहाच्या गडबडीत ७५ मोजता येत नाहीत, सात पिशव्या आणि पाच सुटे पुडे मोजता येतात.

गाडीत

पिशव्या टपावर नको, ऊन लागतं. इंजिनाच्या बॉनेटजवळ नको, तो तापतो. मागच्या डिक्कीत डिझेलचा वास धरतो. मधल्या दोन सीट रिकाम्या ठेवायला आधीच सांगा.

पाणी माणशी दीड लिटर, म्हणजे वीस लिटरचे सहा जार, सोबत ओआरएसची वीसेक पाकिटं, साबणाच्या दोन वड्या आणि हात धुवायला वेगळी बादली-मग. साबण विसरला तर वर लिहिलेली सगळी स्वच्छता शेवटच्या वितेवर वाया जाते.

निघताना पोरांना पोटभर दूध-चहा-बिस्किटं देण्याचा मोह आवरा. चिखलदऱ्याचा घाट चढायला लागला की पहिल्या पंधरा मिनिटांत त्याचा हिशोब गाडीतच होतो. मूठभर मुरमुरे-फुटाणे आणि चार घोट पाणी पुरे. रामटेकला गडावर पुडे उघडू नका, वानरं पिशवीच ओढून नेतात, आणि घाबरलेलं पोर पायऱ्यांवर धावतं. खालीच, गाडीत किंवा बंद सभागृहात जेवण उरका. जंगल सफारी असेल तर पुडे एस.टी.तच राहू द्या.

वाटण्याआधी गुरुजींनी किंवा एका पालकाने एक पुडा फोडून पूर्ण खावा, नुसता वास घेऊन भागत नाही. चव आंबूस, खवट, कशीही वेगळी लागली तर वाटप थांबवायचं. पोरं खाऊन झाल्यावर उरलेले पुडे परत गोळा करा. संध्याकाळी परतीच्या गाडीत कोणी दप्तरातून अर्धी पुरी काढून खातं आणि दुसऱ्या दिवशी नाव शिदोरीचं होतं.

जाणाऱ्या पुड्यांसारखाच एक जास्तीचा पुडा गावात, झाकणाच्या स्वच्छ डब्यात, तारीख-वेळ लिहून दोन दिवस ठेवा. एकाहून जास्त पोरांना उलट्या-जुलाब झाले तर १०८ ला फोन, ओआरएस सुरू, आणि हा पुडा डॉक्टरांच्या हवाली. कोणाच्या पुड्यात काय होतं, कोणी काय बनवलं, याची वही त्याच डब्याजवळ असावी. तळणीचं उरलेलं तेल गार करून गाळा आणि त्याच आठवड्यात भाजीच्या फोडणीला संपवा. पुढच्या सहलीसाठी ठेवू नका.